वाराच्या दिवशी गावात कोण होतं?

आमच्या गावात पंपाची मोटर जळली की माणूस आधी देवीला हात जोडतो आणि मग मोटर गाडीला बांधून हायवेवर काकतीला रवळूच्या दुकानात नेतो. रवळू मोटर रिवायंडिंग करतो, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळतो. तांब्याचे पैसे घेऊन आत ॲल्युमिनियमची तार भरणारे हायवेला कमी नाहीत, पण रवळूनं तांबं सांगितलं की तांबंच, याबद्दल गावात दुमत नाही. मात्र हाच रवळू संध्याकाळी गावात येऊन 'उद्या सकाळी लाईट जाणार आहे' म्हणाला, की लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघतात आणि दुसऱ्या कुणाला तरी फोन करून खात्री करून घेतात. कारण रवळू देव मानत नाही. ज्याला देवाची भीती नाही, त्याच्या शब्दाचा काय भरवसा?

हे मी हसत लिहितेय, पण मीही त्यांतलीच. मी मालुबाई, गावच्या अंगणवाडीची सेविका. खोटं बोलू नये, हे पोरांना शिकवायचा मला पगार मिळतो. रवळूचं घर माझ्या घराला लागून, मधे फक्त परसातला दगडी गडगा. तरी माझा धाकटा त्याच्याकडं खेळायला गेला की परत आल्यावर मी त्याला हळूच अंगारा लावायची.

खरी अडचण अशी होती की रवळूच्या नास्तिकपणाला काही कारणच नव्हतं. नाव रवळनाथावरून ठेवलेलं, आई उपासतापास करणारी. सतरा वर्षांचा असताना एकदा म्हणाला, "मला देवळात काय जाणवत न्हाय," आणि जायचं बंद केलं. घरातलं कुणी अवेळी गेलं असतं, पीक बुडालं असतं, तर देवावर रुसलाय म्हणून गावानं पदरात घेतलं असतं. रुसलेल्याची समजूत काढता येते. हा रुसलेलाच नव्हता. जत्रेचा प्रसाद दिला तर "नारळ चांगला हाय" म्हणून खायचा. अशा माणसाचं काय करायचं?

बायको कल्याणी मात्र देवभोळी. ती वडगावच्या विणकरांची लेक. घरात देव्हारा आहे, दिवाबत्ती ती करते, देव्हाऱ्यातला लाल बल्ब गेला की रवळू बदलतो. दोघांचं कधी यावरून वाजलेलं मी ऐकलं नाही, आणि मला त्यांच्या घरातलं सगळं ऐकू येतं.

आमच्या महालक्ष्मीची जत्रा पंधरा वर्षांनी भरते. देवीचा रथ गल्लोगल्ली ओढत नेतात, प्रत्येक दारात थांबवतात आणि त्या घरची बाई देवीची ओटी भरते. मागच्या जत्रेला रवळूची आई वारली, घरात सुतक, त्यामुळं कल्याणीची ओटी राहिली. यंदा ती बावन्न वर्षांची. "फुडच्या जत्रेला मी असंन, नसंन," असं ती दिवाळीपासून म्हणत होती. भावाकडून हिरवी साडी विणून आणली होती, आणि आल्यागेल्याला ती दाखवताना आधी हात धुवायला लावायची.

जत्रेआधी आमच्याकडं वार पाळतात. पाच मंगळवार शेतात औत घालायचं नाही, आणि शेवटच्या मंगळवारी अख्खं गाव बाहेर. दिवस उगवायच्या आत माणसं, गुरं, कोंबड्या, सगळ्यांनी शिवारात जायचं, दिवेलागणीला परतायचं. तेवढा वेळ गावात चूल पेटवायची नाही. देवी एकटी गावातून फिरते, आणि कुणी राहिलेला दिसला तर त्याचं काही खरं नाही. पंधरा वर्षांपूर्वी रवळू सुतकाचं निमित्त करून घरातच झोपला होता. त्याला काही झालं नाही, पण त्या साली गावाचा बटाटा करपला, तो रवळूच्या नावावर मांडला गेला.

म्हणून यंदा जत्रा कमिटीचा अध्यक्ष भावकू यानं देवळात सगळ्यांदेखत ठराव केला. "ह्या येळंला रवळू गावाबाहेर पडला, तरच रथ त्येच्या दारात थांबंल. न्हायतर फुडं."

"पडतो की," रवळू म्हणाला. "एक दिस आंब्याखाली बसायचं, त्येला कशाला ठराव?"

भावकूला हे अजिबात आवडलं नाही. त्याला भांडण हवं होतं.

आणि वाराच्या आठ दिवस आधी भावकूची आई नागुबाई न्हाणीत घसरून पडली. वय अठ्ठ्याऐंशी. बेळगावात खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरनं घरी पाठवताना बजावलं की सहा आठवडे खाट सोडायची नाही, हलवायचं तर मुळीच नाही. म्हणजे नागुबाई गावात राहणार. बरं, म्हातारीला देवी समजून घेईल, पण तिच्याजवळ कोण राहणार? भावकूची बायको म्हणाली, मला पोरं-बाळं आहेत. भाऊ म्हणाला, मला शुगर आहे.

सोमवारी दुपारी मी परसात कपडे वाळत घालत होते. गडग्यापलीकडं रवळूच्या मागच्या दारात भावकू उभा. अध्यक्ष, आणि मागच्या दारात! मी चादर जरा सावकाश झटकली.

"रवळूअण्णा," भावकू म्हणाला. जन्मात पहिल्यांदा 'अण्णा'. "उद्या तेवढं आईजवळ बस की. तुला काय, तू मानतच न्हाईस. न मानणाऱ्यावर देवी आपला येळ घालवत न्हाय."

"आनि ठराव?"

"कुनाला कळतंय? मी अध्यक्ष हाय न्हवं! रथ थांबतोय तुझ्या दारात. फकस्त मी सांगितलं म्हणून कुटं बोलू नगंस."

रवळूनं आत बघितलं. कल्याणी तांदूळ निवडत होती. रथ चुकला तर नुकसान तिचं होतं, त्याचं नव्हे. ती मान वर न करता म्हणाली, "म्हातारीला एकटी टाकून भरलेली ओटी देवी घेतीया व्हय? ऱ्हावा तुमी."

रवळूनं भावकूला शब्द दिला.

आता खरं सांगायचं तर मला फार आनंद झाला. कारण माझी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसून एकोणीस दिवस झाले होते. तिला हलवलं असतं तर चौदा अंडी वाया. मी अर्ध्या तासानं किल्ली घेऊन गडगा ओलांडला. "रवळू, तू उद्या हाईसच म्हणं. तेवढं कोंबडीला पाणी आनि मूठभर दाणं. पर माझं नाव..."

"न्हाय घेत, मालूआक्का," तो म्हणाला आणि माझ्या किल्लीला तांब्याच्या तारेनं चिठ्ठी बांधली. तेव्हा मला दिसलं की भिंतीतल्या खिळ्याला आधीच सहा किल्ल्या लटकत होत्या. भावकूनं गुपित आपल्या बायकोला सांगितलं होतं, म्हणजे झालंच. आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि ते नेमकं मंगळवारी अकराला येणार होतं. कुणाची टाकी भरायची, कुणाच्या गच्चीवरचे सांडगे वारं सुटलं तर उचलायचे, सूरजच्या दुकानातला आईस्क्रीमचा फ्रीज बघायचा. ज्याला घरात एकटं सोडू नये असं म्हणायचे, त्याच्या खिळ्याला संध्याकाळपर्यंत तेवीस घरांच्या किल्ल्या झाल्या. प्रत्येक जण बाकीच्या किल्ल्या न बघितल्यासारखं करून परत गेला.

मंगळवारी पहाटे गाव रिकामं झालं. शिवारात जिकडंतिकडं दगडांच्या चुली पेटल्या. कल्याणीनं आपल्या आंब्याखाली घोंगडीवर लोड ठेवला, त्याला रवळूचा शर्ट घातला आणि तोंडाच्या जागी टॉवेल टाकला. हे तिनं रवळूला सांगितलं नव्हतं, तो असल्या गोष्टीला तयार झाला नसता. येणारीजाणारी "अण्णा झोपलाय वाटतं" म्हणायची, आणि ती "व्हय, दमल्यात" म्हणायची. देवभोळी बाई!

दुपारी एकच्या सुमाराला सगळं शिवार जेवायला बसलं होतं. तिकडं नागुबाईनं मऊ भाताचा हट्ट धरला होता. सकाळचं थंड खाणं तिला गिळवेना. रवळूनं गॅसवर कुकर चढवला. गावात पंखा नाही, टीव्ही नाही, गिरणी नाही, चिटपाखरू नाही, आणि त्या शांततेत त्या कुकरनं अशी काही शिट्टी मारली की ओढ्यापलीकडची म्हसरंसुद्धा माना वर करून उभी राहिली.

दुसरी शिट्टी झाली. बायकांनी हात जोडले. कुणी तरी म्हणालं, देवीच शीळ घालते. तिसरी झाली आणि बंद झाली. देवी तीन शिट्ट्यांवर गॅस बंद करत नाही, हे प्रत्येक बाईला कळत होतं, पण एकही बोलली नाही. मी माझ्या ताटात बघत राहिले.

गावच्या कारभाऱ्यांत एकच माणूस असा होता ज्यानं किल्ली दिली नव्हती. परशरामआप्पा, देवीचे सगळ्यांत जुने मानकरी. ते मळ्यातच राहायचे, नागुबाई घरात खाटेवर आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या खोपीला कुलूपच नव्हतं. त्यांनी दिवेलागणीला सगळ्यांना देवळापुढं बसवलं.

"गावात कोन तरी हुतं," आप्पा म्हणाले. "भात शिजवलाय. रवळू, उठ. भंडारा उचल आनि खरं सांग."

देवीची हळद हातात घेऊन खोटं बोलणारा वाचत नाही, असं आम्ही मानतो. भावकू चटकन उठला. "आप्पा, त्येला कशाला शपथ? त्येच्या शपथंला काय अर्थ हाय?"

"शपथ न्हाय घेत," रवळू म्हणाला. "आप्पा, तुमी नुसतं इचारा. सांगतो."

 तेवीस घरं जमिनीकडं बघायला लागली. इतकी वर्षं ज्याच्या शब्दाला किंमत नाही म्हणत होतो, त्याचं आम्हाला आता एकाच गोष्टीसाठी भय वाटत होतं, की हा खरं बोलेल. भंडारा उचलून खोटं बोलणारे आमच्यात चार तरी निघाले असते. हा भंडारा न उचलता खरं बोलणार होता.

"गावात कोन हुतं?"

"मी हुतो."

"कुनी सांगितलं ऱ्हायला?"

रवळूनं सगळ्यांवरून नजर फिरवली. माझ्यावर आली तेव्हा मी देवळाच्या कळसाकडं बघितलं.

"त्ये सांगनार न्हाय. शब्द दिलाय."

"म्हातारीजवळ बसलो हुतो" एवढं तो म्हणाला असता तरी पुरलं असतं, पण ते म्हणजे भावकूचं नाव घेणंच. आप्पांनी अध्यक्षाकडं बघितलं. अध्यक्षानं घसा साफ केला, आईचं नाव गिळलं आणि सांगितलं, "ठराव म्हंजे ठराव. रथ थांबनार न्हाय."

बायकांत बसलेली कल्याणी उठली आणि पदर सावरत घरी गेली. मला माझीच किळस आली. तोंडापर्यंत आलं होतं, 'आप्पा, मी पन किल्ली दिलती.' पण मी उठले नाही. घरी आले तर कोंबडी अंड्यांवर निवांत, पाण्याचं भांडं भरलेलं. तिसऱ्या दिवशी तेरा पिल्लं निघाली आणि एकाही पिल्लाकडं मला सरळ बघवेना.

जत्रेत रथ आमच्या गल्लीत आला तो दिवस कलायला लागल्यावर. पुढं एक जाड दोर, दोराला पन्नास-साठ जण, बाजूनं हलगी, वर हळदीचा धुरळा. भावकू पुढं चालत टॉवेल हलवून कुठं थांबायचं ते सांगत होता. माझ्या दारात रथ थांबला, मी ओटी भरली. कल्याणीचं दार लोटलेलं. रवळू एकटा पायरीवर उभा होता.

भावकूनं टॉवेल पुढं हलवला. म्हणजे थांबायचं नाही.

दोर ताणला, रथ चार हात सरकला, बरोबर त्या दारासमोर आला, आणि पहिला हात दोरावरून सुटला. कुणाचा ते मला माहीत आहे, मी सांगणार नाही. मग त्याच्या मागच्याचा. मग एकेक करत सगळे. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. दोर धुळीत पडला आणि हलगी आपोआप थांबली.

"का थांबला रं?" मागून आप्पा ओरडले.

दोघा-तिघांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. मग एक जण म्हणाला, "आप्पा, देवी हलंना."

"व्हय व्हय, लई जोर लावला," दुसरा म्हणाला. "पाय रवून उभी हाय." दोराला हात न लावता हा घाम पुसत होता.

सगळे भावकूकडं बघायला लागले. त्यानं पडलेल्या दोराकडं बघितलं, आपल्या घराच्या दिशेनं बघितलं, आणि टॉवेल खांद्यावर टाकून हात जोडले. "तिची इच्छा," तो म्हणाला.

मी धावत जाऊन दार ढकललं. कल्याणी चुलीपुढं बसली होती. तिला बाहेर आणेपर्यंत ती विश्वासच ठेवेना. मग अनवाणी धावली. खण, नारळ, हिरवी साडी, तांदूळ. घाईत निम्मे तांदूळ चाकाशी सांडले. डोळे पुसत ती मागं वळली आणि सगळ्या गल्लीसमोर नवऱ्याला म्हणाली, "बघितलासा न्हवं? तुमी हितंच उभं हुतासा. देवी आपनहून थांबली. व्हय का न्हाय? खरं सांगा."

रवळूनं पायरीवरून सगळे हात सुटताना बघितले होते. त्यानं धुळीतल्या दोराकडं बघितलं. मग बायकोकडं.

"व्हय," तो म्हणाला. "आपनहून थांबली."

दोराशी उभ्या असलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. मला रडू फुटलं, आणि मी ते हळदीवर ढकललं.

आता या गोष्टीला वर्ष होत आलं. आमची देवी लई कडक आणि लई मायाळू, ही ख्याती निपाणीपर्यंत गेली आहे. लांबून माणसं येतात आणि विचारतात, रथ खरंच आपोआप थांबला? आमची माणसं त्यांना बेधडक काकतीला पाठवतात. म्हणतात, हायवेला रिवायंडिंगचं दुकान आहे, तिथं रवळूअण्णाला विचारा. तो देव मानत नाही, पण त्यानं डोळ्यांनी बघितलंय, आणि तो कधी खोटं बोलत नाही.

परवा मी मिक्सर दाखवायला दुकानात गेले, तेव्हा अशीच दोन माणसं त्याच्या पाया पडून निघाली होती. रवळू तोंड वाकडं करून तार गुंडाळत होता.

"मालूआक्का," तो म्हणाला, "जन्मात एकदा खोटं बोललो. त्येवढंच ह्या लोकांनी खरं मानलं बघ."