मोबाईलमध्ये भरलेली बाबांची आरोळी

मोबाईलनं फोन करावा. एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकवावं आणि गप्प बसावं. त्यात गाणी, बॅटरी, रेडिओ, रेकॉर्डिंग असलं सगळं कोंबण्याची अक्कल ज्याला सुचली, तो मला कधी भेटला तर दोन शब्द सुनावल्याशिवाय सोडणार नाही. लोक म्हणतात, मी जुन्या वळणाची आहे. मी ट्रॅक्टर चालवते, फवारणीच्या औषधाचं प्रमाण मला तोंडपाठ आहे. जुन्या वळणाची कसली? मला राग आहे, इतकंच.

आमच्या घरी तो मोबाईल आला बाबांच्या चकरेमुळे. शेंदूरजनाघाटच्या बाजूला आमची संत्र्याची बाग. आई वारली, मी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले, तेव्हापासून बाग बाबा आणि मी दोघंच पाहत होतो. एकदा पाणी देताना बाबा चक्कर येऊन बांधावर पडले. अमरावतीच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली आणि बजावलं, शेतात एकटे असाल तर फोन खिशात पाहिजेच. अकोल्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावानं बटणांचा फोन आणून दिला. एक नंबरचं बटण दाबून धरलं की मला लागायचा. याच्यापुढं बाबांना काही शिकवू नको, असं मी त्याला बजावलं होतं.

भाऊ ऐकतो कुठे! पुढच्या रविवारी आला तो मेमरी कार्ड भरून घेऊन. दुकानदारानं भजनं, कव्वाल्या, जुन्या सिनेमातली गाणी, वरातीतला धिंगाणा, सगळं एकत्र ओतून दिलं होतं. बाबा त्याच्या नादी लागले. जेवताना गाणं, आळं करताना गाणं, देवाला दिवा लावतानाही गाणं. यंत्र एवढंसं, पण आवाज असा की तिसऱ्या बागेतल्या माणसानं ताल धरावा. माझे कान किटले. आणि मी काळजीनं फोन केला, तर गाणं थांबलं म्हणून माझ्यावरच खेकसायचे, "काय वो बाई, मधातच काहून बोलते?"

मग आंबिया बहाराची संत्री रंगावर आली आणि वानरं उतरली. वानर एक फळ खातं आणि पाच चावून फेकतं. त्यांना हाकलायला दिवसभर माणूस लागतो. बाबांची आरोळी त्या कामात नावाजलेली. भावाच्या डोक्यात लगेच किडा वळवळला. त्यानं बाबांना बांधावर उभं केलं, फोन त्यांच्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "बाबा, वानेरं आले असं समजा अन् मारा जोरानं." बाबांनी मारली, "हाऽऽड! हाड हाड! धाऽऽव रे!" शेवटी त्यांना ठसका लागला, तोही त्यात भरला गेला. भावानं ती आरोळी थोड्या थोड्या वेळानं आपोआप वाजेल अशी लावून दिली. आवाज घुमावा म्हणून फोन तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवला आणि डबा बागेच्या मधल्या झाडाला टांगला.

"फोन झाडावर, तं बाबाच्या खिशात काय रायते?" मी विचारलं.

"ताई, तू हायेस नं बाजूले. काहून एवढी चिडून रायली?"

वानरं खरंच बिचकली. बाबांची छाती फुगली. येणाऱ्याजाणाऱ्याला डबा दाखवायचे. शेजारच्या बागवाल्यानं पाहिलं आणि आपल्या बायकोचा ओरडा भरून आणला, तोही तिला न विचारता. आता दोन्हीकडून ओरडा. मी मात्र बाबांचाच आवाज सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऐकत होते. हाड, हाड हाड, धाव रे, ठसका. समोर बाबा विडी ओढत बसलेले आणि झाडावर बाबा बोंबलतायत. असा संताप यायचा की डबा ओढून विहिरीत फेकावा.

फेकायला हवा होता.

तो दिवस मला तासातासानं आठवतो. दुपारी जेवताना मी पुन्हा तो विषय काढला. फळांनी फांद्या वाकल्या होत्या. त्यांना बांबूचे टेकू द्यायला बाबा एकटेच शिडी घेऊन बागेच्या त्या टोकाला जाणार होते. मी म्हटलं, "फोन उतरवा अन् खिशात ठेवा. नाईतर शिडीवर चढू नका." बाबा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तुयापेक्षा तो डबा बरा. एकदा सांगतलं तं ऐकते, अन् उलटून बोलत नाई. तुया नवऱ्यानं कसे दिवस काढले असन, देव जाणे."

नवऱ्याचं नाव घरात कोणीही काढायचं नाही, हा आमच्यातला न बोललेला नियम होता. तो बाबांनी मोडला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताट तसंच टाकून मी बागेच्या दुसऱ्या टोकाच्या खोपटात जाऊन बसले आणि गळालेली फळं निवडायला लागले. मनात म्हटलं, घ्या तुमचा डबा आणि बसा.

तीनच्या सुमारास आरोळी आली. मग पुन्हा आली. त्यानंतर सारख्या येत राहिल्या, डब्यातल्याही आणि दुसऱ्याही.

बाबा शिडीवरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं, आणि ते काळ्या भेगाळलेल्या मातीत उन्हात पडून ओरडत होते. ऊन कललं तेव्हा चहा करायचा म्हणून मी उठले आणि त्यांना शोधत गेले. ओठ सुकून पांढरे पडले होते, आवाज बसला होता. मधल्या झाडावर डबा मात्र ठणठणीत ओरडत होता. तोवर अडीच तास गेले होते.

अमरावतीला ऑपरेशन झालं, हाडात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, पुष्कळ वेळ गेला, आता आधाराशिवाय चालणं कठीण. भाऊ अकोल्याहून धावत आला. मी काही बोलायच्या आधीच त्यानं सगळं जुळवून टाकलं. "मायामुळंच झालं, ताई. तुले वाटलं असन मोबाईलच ओरडून रायला." दवाखान्याच्या ओसरीत बसून तो ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन त्यानं तो फोन दगडानं ठेचला. भेटायला येणारेही तेच म्हणायचे. पोरीचा काय दोष, आवाज तं बापाचाच. मीही मान हलवायचे. जो विचारेल त्याला सांगायचे, मला वाटलं मोबाईल आहे.

खरं सांगते. मला तसं वाटलं नव्हतं. डब्यातली आरोळी मला ठसक्यासकट पाठ होती. दुपारी आलेल्या आवाजात "हाड" नव्हतं, "धाव रे" नव्हतं. "बाई, ए बाई, ये नं वो," असं होतं. मी ते पहिल्याच वेळी ओळखलं. मला वाटलं, माझा राग घालवायला बोलावतायत, चहा कर म्हणणार आणि वर तोंड करून हसणार. म्हटलं, ओरडू दे. फळं निवडत राहिले. मोबाईलवर मी आजही दात खाते, ते त्यानं मला फसवलं म्हणून नाही. त्यानं मला सांगायला एक सबब दिली, आणि मी ती घेतली.

घरी आणल्यावर आठवड्याभरानं बाबांनी एकदाच विचारलं, "तुले आयकू नाई आलं काय वो?"

"मले वाटलं मोबाईल हाये," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती आरोळी त्यांनी स्वतःच्या तोंडानं भरली होती. तिच्यात काय आहे आणि काय नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. "असन," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

तेव्हापासून ते मला हाक मारत नाहीत. पाणी हवं असलं की पलंगाच्या दांडीवर बोटानं वाजवतात, आणि मी येईपर्यंत थांबतात.