भट्टीची सवत

गाउदेन्सियाचं संग्रहालय म्हणजे मिशनच्या जुन्या धान्यकोठारातली एक खोली आणि मागच्या माळावर उभी असलेली, माणसाच्या दुप्पट उंचीची, लोखंड गाळायची मातीची भट्टी. खोलीत मातीच्या नळ्या, कुदळी, लोखंडाचा मळ आणि एक टोपली. भट्टी पेटवण्याआधी अशी टोपली औषधांनी भरून तळाशी पुरायचे. तिच्यात काय घालायचं आणि ते घालताना कुठलं गाणं म्हणायचं, हे आमच्या अख्ख्या उफिपाच्या पठारावर एकाच माणसाला ठाऊक उरलं होतं. तो म्हणजे अनिसेती म्हातारा. ते त्याच्याबरोबर मातीत जाऊ नये, एवढ्या एका ध्यासापायी गाउदेन्सियाने जोडे झिजवले होते.

अनिसेती तिच्या बापाचा मामा, म्हणजे नात्याने आजोबा. आमच्याकडे आजोबाने नातीची थट्टा करायचीच असते, त्यामुळे तो तिला भर बाजारात ‘बायको’ म्हणून हाक मारी. पण टोपलीचा विषय निघाला की त्याचं तोंड मिटायचं. भट्टी ही नवरी, लोहार तिचे नवरे. दुसरी बाई जवळ आली तर नवरी रुसते आणि लोखंड उतरत नाही. भट्ट्या विझून दोन पिढ्या झाल्या, तरी नियम तेवढा पेटता होता.

“फोनमध्ये बोला, आजोबा. मी बाहेर थांबते,” असं तिने एकदा सुचवून पाहिलं.

“म्हणजे कान इथे ठेवून जाणार! कान तर बाईचाच ना?”

जिल्ह्याचे साहेब म्हणत, लोक संग्रहालयात येत नसतील तर संग्रहालय लोकांकडे न्या. साहेबांचं काय जातं म्हणायला! नळ्या आणि कुदळी कापडात बांधून, मोटरसायकलच्या मागे बसून, गाउदेन्सिया शाळाशाळांतून, बाजारांतून, चर्चच्या अंगणांतून फिरे. अंगावर लाल धूळ, समोर जांभया. चार वर्षांपूर्वी, म्हाताऱ्याची तब्येत बरी होती तेव्हा, मुलग्यांना सांगायला तो राजी झाला आणि तिने त्याला शाळेत नेलं. मुली आणि शिक्षिका बाहेर गेल्या. गाउदेन्सियाही निघाली.

“बायको, तू त्या निलगिरीखाली बस. भट्टीला सवत चालत नाही,” म्हातारा म्हणाला, आणि पोरं खिदळली.

आतून त्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मुलं बाहेर आल्याबरोबर तिने एकाला धरलं.

“काय सांगितलं रे आजोबांनी? टोपलीत काय घालायचं?”

“मुळ्या.”

“कसल्या?”

“झाडाच्या.”

नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. तरी ती त्याला आणखी शाळांत नेत राहिली, आणि दर वेळी निमूट बाहेर बसली.

यंदा जूनमध्ये, आमच्याकडच्या थंडीच्या दिवसांत, ती त्याच्याकडे मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि सुकवलेली बारकी डगा मासळी घेऊन गेली. म्हातारा आता घराबाहेर पडत नव्हता. त्याची बायको लेओकाडिया चुलीशी होती.

“मी थकले हो आजोबा,” गाउदेन्सिया म्हणाली. “आता माझ्याने फिरणं होत नाही.”

“एवढ्यात? लेओकाडिया, हिचं वय काय गं?”

“माझ्या धाकट्या बहिणीच्या बरोबरीची आहे.”

म्हातारा जेवता जेवता थांबला. “मग हिचा महिना अजून येतो का?”

“अहो, जीभ आवरा!” लेओकाडिया ओरडली.

गाउदेन्सियाने खाली पाहिलं. “नाही. चार-पाच वर्षं झाली.”

“अगं येडे! मग बाहेर काय झक मारायला बसत होतीस? महिना थांबलेली बाई सवत नसते. माझी आजी टोपली स्वतःच्या हाताने भरायची. बोलली का नाहीस?”

का बोलली नाही? तिला मूल नव्हतं. नवरा त्याच कारणाने दुसरीला घेऊन म्पांडाला गेला होता. शेजारणींना ती अजून ‘देव देईल’ असंच सांगत होती. महिना थांबला, हे तोंडाने बोलायचं म्हणजे त्या आशेला स्वतःच्या हाताने माती द्यायची. आणि असं काही बायकांना विचारण्याची रीत पुरुषांत नव्हती. त्यांनी विचारलं नाही, हिने सांगितलं नाही. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळेच भरले.

“आता सांगा,” ती म्हणाली, आणि दार लावून त्याच्या पायाशी बसली.

म्हातारा ताठ बसला. त्याने गाणं धरलं. पहिली ओळ खणखणीत आली, दुसरीही आली. मग ओठ नुसतेच हलत राहिले. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि तिथेच अडकला. लेओकाडियाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

त्याने गाउदेन्सियाचा हात धरला. मग घाबऱ्या आवाजात म्हणाला, “पोरी, शाळेत मी सगळं सांगितलं होतं ना? तू होतीस ना तिथे?”

गाउदेन्सियाने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “होते, आजोबा.”

“मग झालं तर. तुला ठाऊक आहे,” म्हातारा सुटल्यासारखा म्हणाला, आणि त्याने उगालीचा घास मोडला.