मधूदादाचे कान

बारा वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी मी माझ्या दिवंगत आईची खोटी शपथ घेतली, आणि तीही एका सीडी प्लेअरसाठी. मधूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सिहोऱ्याच्या बस स्टँडवर होतो, परीक्षेचं काम आटोपून जबलपूरच्या बसची वाट पाहत. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." दुःखाच्या आधी माझ्या मनात जे आलं ते लिहायची लाज वाटते... आता ते कोणालाच कळणार नाही, या विचारानं मला सुटल्यासारखं झालं. याला पाच आठवडे झाले. त्या सुटकेची किळस अजून जात नाही.

मधूदादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. जबलपुरात ओमतीला त्याचं रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान होतं, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. त्याची आई लवकर गेली, त्याला माझ्या आईनं वाढवलं. त्यानं स्वतः जोडलेला पहिला रेडिओ तिच्या स्वयंपाकघरात लावला आणि ती पोळ्या लाटत असताना दहा वेळा विचारलं, "काकू, आता कसा वाजून राहिला?" दुकानातही त्याची रीत तीच. डोळे मिटून, मान डावीकडे किंचित झुकवून ऐकायचा, काय बिघडलंय ते सांगायचा आणि मग मीटर लावून पाहायचा. मीटर बहुतेक वेळा त्याच्याच बाजूनं बोलायचं.

आणि मी? मी कॉमर्सचा प्राध्यापक. दर रविवारी माझ्या बैठकीत आम्ही चार-पाच जण जमायचो आणि स्वतःला श्रोते म्हणवून घ्यायचो. गाणं आम्ही ऐकतच नव्हतो. सीडीवरचा गवई सुराला लागतो न लागतो तोच त्याला थांबवायचो आणि "मखमली", "मोकळं", "जरा कोरडं" असले शब्द एकमेकांच्या ताटात वाढायचो. आमच्यातले एक डॉक्टर केबल उलटी जोडून पाहायचे आणि विचारायचे, "कळला फरक?" मला काही कळायचं नाही, पण मान माझीच पहिली हलायची. दुसरे एक ठेकेदार. त्यांनी भेडाघाटहून दोन इंच जाडीची संगमरवराची लादी कापून आणली, प्लेअर थरथरू नये म्हणून. कारागिरानं त्यांना विचारलं होतं, "साहब, इस पर कौन से भगवान बैठेंगे?" आम्ही त्या कारागिराला हसलो. आज वाटतं, त्या अख्ख्या व्यवहारात शहाणा प्रश्न तेवढा एकच होता.

मग माझा नवा प्लेअर आला. त्याचे दोन डबे, एक नुसती चकती फिरवणारा आणि दुसरा तिच्यावरच्या आकड्यांचा आवाज करणारा. लादीवर त्यांची स्थापना झाली. दादा पाहायला आला तो पिशवीत स्वतःचा जुना सीडी प्लेअर घेऊनच. त्याचं झाकण सैल झालं होतं, म्हणून त्याला रबर बँड लावलेला.

"फरक नसेलच असं मी नाही म्हणत," दादा म्हणाला. "पण आधी दोघांचा आवाज बरोबर कर. जो जरासा मोठा वाजतो ना, तोच सगळ्यांना गोड लागतो. थांब, मीटर आणलाय."

"मीटरनं गाणं ऐकतात का, दादा?" मी म्हणालो. मंडळी खदखदून हसली. मीटर पिशवीतच राहिला.

मध्ये चादर टांगली, मी तिच्या मागे. आधी दादाचा प्लेअर वाजवला, मग माझा. माझा लावताना अँप्लिफायरचं आवाजाचं बटण मी केसभर पुढे सरकवलं. काहून? सकाळी मी एकट्यानं दोन्ही ऐकून पाहिले होते आणि मला काही म्हणजे काही फरक कळला नव्हता... ते कोणासमोर उघडं पडायला नको होतं.

"वाह! परदा हट गया!" डॉक्टर ओरडले.

दादानं मान डावीकडे झुकवली. "आवाज वाढवला तू, पक्या."

"दादा, ये वॉल्यूम नहीं, क्लॅरिटी है," ठेकेदार म्हणाले.

"वाढवलाय. मले ऐकू येऊन राहिलं."

मी चादरीबाहेर आलो आणि म्हणालो, "आईची शपथ, बटणाला हात लावला नाही."

दादानं माझ्याकडे पाहिलं. हुज्जत नाही, वाद नाही. "अच्छा... काकूची शपथ घेतली म्हणजे झालं." त्यानं प्लेअर पिशवीत ठेवला आणि चहा न घेता गेला. मी खोटं बोलेन असं त्याच्या डोक्यातही आलं नाही. आपले कान गेले, एवढंच त्यानं घरी नेलं.

त्यानंतर त्यानं अँप्लिफायर दुरुस्तीला घेणं बंद केलं. पंखे आणि मिक्सर दुरुस्त करू लागला. एकदा मी दुकानापुढे उभा असताना कोणीतरी आग्रहानं रेडिओ ठेवून घ्यायला लावला. दादानं तो जोडला आणि गिऱ्हाईकासमोर धरला, "भैया, आप ही सुन के बताओ, घरघर तो नहीं है ना?" एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य गिळलं, पान खाल्लं आणि घरी गेलो. बारा वर्षं गिळत राहिलो. आमच्या बैठकीला, त्या दोन डब्यांना मी आज काही म्हणू शकतो, पण माझ्याइतकं हलकं त्या खोलीत काहीच नव्हतं.

तेराव्यानंतर वहिनींनी मला दादाच्या खोलीत नेलं. टेबलावर तो प्लेअर होता, शेजारी मीटर. रबर बँड नवा होता. "घेऊन जा भाऊजी. शेवटी शेवटी हे लावतच नव्हते. म्हणायचे, मले आता काय समजते."

मागच्या रविवारी मी मंडळींना बोलावलं आणि वहिनींनाही. तीच चादर टांगली. दादाच्या मीटरनं दोन्ही प्लेअर तंतोतंत सारखे केले. कोणता कुठला, एकालाही सांगता आलं नाही. मग बटण केसभर पुढे सरकवून दादाचा प्लेअर लावला. "हां, ये है नया वाला!" डॉक्टर म्हणाले.

मी चादर ओढून काढली आणि सगळं सांगितलं. शपथेसकट.

डॉक्टरांनी लादीकडे पाहत चष्मा पुसायला घेतला. वहिनी उठून दादाच्या प्लेअरजवळ आल्या. मग म्हणाल्या, "दोनदा कानाच्या डॉक्टरकडे नेलं मी त्यांना. तो म्हणे, कान ठीक आहेत. ह्यांना पटेचना. काहून नाही सांगितलं तुम्ही?"

"भ्यालो, वहिनी. माफ करा मला."

"मले काय सांगता?" दादाच्या प्लेअरकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा. मोठ्यानं सांगा."

प्रौढ माणसं बसली होती, लाज वाटली. तरी मी त्या रबर बँड लावलेल्या डब्यापुढे उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "दादा, आवाज मी वाढवला होता. तुला बरोबर ऐकू आलं होतं. मला माफ कर."