भाऊंचे लहान लहान संघ

उतरणीला लागलेला माणूस इतक्या ऐटीत उतरताना मी दुसरा पाहिलेला नाही. बाकीचे लोक खाली येताना तोंड लपवतात. आमच्या घरमालकांचे धाकटे बंधू प्रत्येक पायरीवर पेढे वाटत उतरले. तरुणपणी ते मुंबईत आणि कलकत्त्यात मोठाल्या मैदानांवर फुटबॉल खेळले होते, पेपरात त्यांचे फोटो छापून आले होते. मी पुंडलिकनगरात त्यांच्या थोरल्या भावाकडे भाडेकरू म्हणून आलो तेव्हा ते पंचेचाळिशी ओलांडून घरी परतले होते आणि शहरातल्या एका संघातून खेळत होते. सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणे. निवृत्तीचा विषय त्यांच्यापुढे काढायची सोय नव्हती. परदेशातले नामांकित खेळाडू पस्तिशी उलटली की अमेरिकेत नाहीतर अरबांच्या मुलखात जाऊन लहान संघांतून खेळतात, हे त्यांना तोंडपाठ होतं आणि आपलंही तेच चाललंय याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. "ते बिचारे विमानानं वाळवंटात जातात," ते म्हणायचे, "आपल्याला घरबसल्या वाळवंट हाये."

हे मात्र खरं होतं. ती दुष्काळाची वर्षं होती. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, आणि भाऊंची संघाला एकच अट असे: सामना संपला की गुडघा शेकायला एक बादली गरम पाणी. घरमालकीणबाई, म्हणजे भाऊंच्या वहिनी, कपाळाला हात लावायच्या. "हितं प्यायला टँकरची वाट बघायलोत, अन् ह्यांच्या गुडघ्याला बादली पायजे." शहरातल्या संघाला ती अट झेपेना, म्हणून भाऊ वाळूजच्या कामगारांच्या संघात गेले. मोठ्या संघाकडे नाव होतं, लहान संघाकडे बोअर होती. ती आटली तेव्हा भाऊ पैठणच्या पोरांकडून खेळायला लागले, धरणाच्या काठी पाण्याला काय तोटा म्हणून. त्याच उन्हाळ्यात धरणाचा तळ उघडा पडला. भाऊंनी कुणाला बोल लावला नाही. "संघ चांगला हाये, धरणानं शब्द मोडला," एवढंच म्हणाले आणि पुढचा, आणखी लहान संघ शोधायला लागले. प्रत्येक नव्या संघाच्या वेळी ते कोपऱ्यावरच्या हॉटेलात पाच-सहा जणांना चहाला बोलवत, नवा शर्ट छातीशी धरून उभे राहत आणि "पैसा हा प्रश्नच नव्हता" असं गंभीरपणे सांगत. नव्हताच; पैसा कुणी देऊ केलेलाच नसे.

पळणं त्यांनी कधीच सोडलं होतं. बायपासकडच्या मैदानाच्या कडेला एक कडुलिंब होता आणि भाऊ त्याच्या सावलीतून खेळत. दुपार कलेल तशी सावली मैदानात पुढे सरके, तसे भाऊही पुढे सरकत. बॅक म्हणून सुरू केलेला सामना ते फॉरवर्ड म्हणून संपवत. पण चेंडू एकदा सावलीत आला की नुसत्या घोट्याच्या हिसक्यानं तो असा लांब, बरोबर धावणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन पडायचा, की उन्हात घाम गाळणारे बावीस-पंचवीस वर्षांचे गडी ओशाळून हसायचे. त्याच मैदानावर एका सकाळी कुणीतरी चुन्याच्या रेषा मारताना दिसलं. भाऊ लगबगीनं गेले आणि त्या माणसाला म्हणाले, "पेनल्टी एरिया लई बारका आखलाय, वाढवा." तो प्लॉट पाडायला आलेला मोजणीवाला निघाला. आज तिथं दुमजली बंगल्यांची रांग उभी आहे.

मी या सगळ्यात कुठून आलो? मी त्यांची बॅग धरायचो. नव्या गावात ओळखीचं कुणी नव्हतं, रविवार खायला उठायचा, आणि एका रविवारी भाऊंनी जिन्यातून हाक मारली, "चल रे, बसून काय करायलास?" फुटबॉलला मी आयुष्यात लाथ मारलेली नाही, पण त्या हाकेमुळे सगळा जिल्हा हिंडलो, चार घरी जेवलो, माणसांत आलो. पुढे माझ्या कंपनीनं कामगार कमी केले आणि मला एका पत्र्याच्या शेडमधल्या लहानशा कारखान्यात नोकरी धरावी लागली. आठ दिवस मी कुणाला सांगितलं नव्हतं. भाऊंना कळलं तेव्हा त्यांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "नवा संघ व्हय? मग चहा कुठंय?" चहा मी पाजला, आणि दुसऱ्या दिवशी ताठ मानेनं कामावर गेलो. हे उपकार मी विसरायचं म्हटलं तरी विसरू शकत नाही.

या माणसाला भीती एकाच गोष्टीची होती: शाल-श्रीफळाची. कुणी सत्काराचं नाव काढलं की ते मागच्या दारानं पसार होत. "शाल अंगावर पडली की गडी संपला," ते मला सांगत. "मग लोक खेळायला नाय, बसायला बोलवतात."

आणि नेमकं लासूर स्टेशनला तेच झालं. बाजारात पोती उचलणाऱ्या गड्यांनी तिथं संघ काढला होता. "भाऊ, यंदाच्या स्पर्धेला तुम्हीच पाहिजेत," असा त्यांचा फोन आला, आणि भाऊंनी गल्लीत पेढे वाटले. पॅसेंजरमधून आम्ही उतरलो, मैदानावर पोचलो, तर मंडपावर भाऊंचा भला मोठा फोटो आणि खाली 'प्रमुख पाहुणे'. त्यांनी फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलायच्या आत लोकांनी हात धरून त्यांना व्यासपीठावर नेलं. शाल पांघरली, नारळ दिला, हार घातला. बुटांची बॅग खुर्चीखाली गेली. भाषणांत त्यांच्या जुन्या खेळाचं कौतुक चाललं होतं आणि भाऊंचा चेहरा उतरत चालला होता. इतक्या वर्षांत तो माणूस मला पहिल्यांदा म्हातारा दिसला.

शेवटी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. भाऊ माइकपाशी गेले आणि हळूच म्हणाले, "मी भाषणाला नाय आलो. बूट आणलेत."

संयोजक एकमेकांकडे बघायला लागले. मग मैदानातून लासूरच्या कप्तानाचा, एका धिप्पाड हमालाचा आवाज आला, "मंग बसलाव कशाला भाऊ? चला की. आमचा एक गडी आलाच नाय, कांद्याच्या गाडीवर अडकलाय."

आला नाही कसा? मघाशी अकराही जण रांगेत उभे राहिलेले मी पाहिले होते. मंडपामागे नजर गेली तर एक मिशीवाला गडी घाईघाईनं अंगातला शर्ट काढत होता.

त्या मैदानावर एकही झाड नव्हतं. भाऊ उन्हात पळाले. दोनदा पडले, एकदा त्यांच्या घोट्यातून तो जुना लांब पास निघाला आणि सगळ्या लासूरनं शिट्ट्या मारल्या. सामना हरलो, पण कुणाला त्याचं काही नव्हतं. नंतर गरम पाण्याची बादली आली. ती घेऊन बनियनवर तो मिशीवालाच आला होता.

परतीच्या पॅसेंजरमध्ये भाऊ खिडकीपाशी बसले होते.

"शर्ट गरम होता रे," ते म्हणाले.

"कुठला?"

"मला घालायला दिलेला. गड्यानं अंगातून काढला होता. कांद्याची गाडी-बिडी कायबी नव्हती." त्यांनी गुडघा चोळला. "कलकत्त्यात लोकांनी लई हार घातले. शर्ट काढून कुणी नाय दिला. एवढं मिळाल्यावर आणखी मागायचं नसतं."

त्यानंतर ते खेळले नाहीत. पुढच्या वर्षी लासूरला पाहुणे म्हणून स्वतःहून गेले, शाल मुकाट्यानं घेतली, आणि मिशीवाला मैदानात उतरला तेव्हा पहिली टाळी त्यांचीच होती. मी शेजारी बसलो होतो. या माणसानं मला एका रविवारी हाक मारली याचं मनाला फार बरं वाटत होतं. खुर्चीखाली भाऊंचे पाय मात्र सामना संपेपर्यंत हलत होते.