उपाशी गोधड्या

शेवटचं काम म्हणजे मी तिला सुई ओवून दिली. तिला दिसायचं कमी आणि मला शिवता यायचं नाही, म्हणून आम्ही काम असं वाटून घेतलेलं. दोरा नेढ्यात जाईना तशी ती म्हणाली, "अहो, सुई ओवताय की सोयरीक जुळवताय?" मी म्हटलं, "तुझ्या बापाने जुळवली तेवढी बास." ती हसली. गोधडीच्या उघड्या कोपऱ्यात तिने दुपारच्या पोळीचा तुकडा सारला आणि टाके घालून तोंड बंद केलं.

आमच्या घरात उपाशी गोधडी कुणाला देत नाहीत. कोपऱ्यात घास घालायचा, म्हणजे पांघरणाऱ्याला अन्न कमी पडत नाही. तिची आई घालायची, ही घालायची. अमेरिकेत शुगर लँडला लेकीकडे राहायला आलो तरी घालायची.

या गोधड्या सुदानच्या लोकांसाठी होत्या. तिकडे आपसातच लढाई पेटली आणि माणसं घरंदारं सोडून तंबूत आली. लेकीने फोनवर एक बाई दाखवली, मांडीवर पोर, बुडाखाली नुसती माती. झालं. त्या दिवसापासून हिने लुगडी, चादरी, माझी धोतरं, काही म्हणून ठेवलं नाही. मी म्हणायचो, "तिकडे ऊन मरणाचं, गोधडी कसली देते?" ती म्हणायची, "अंथरायला लागते ना? निजून बघा एकदा मातीवर." ह्यूस्टनला एक गोदाम आहे, तिथून मदतीचे कंटेनर बोटीने जातात. लेक गाडीतून गोधड्या नेऊन तिथल्या दाराशी ठेवून यायची. मग ही रोज विचारायची, "आता कुणी पांघरली असेल का हो?" मी म्हणायचो, "असेल."

सुई ओवून दिली त्याच दिवशी संध्याकाळी ती चहा ठेवते म्हणून उठली आणि ओट्याशी खाली बसली. बसली ती बसलीच. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी छाती दाबली, नेलं. हॉस्पिटलात लेक दार उघडून बाहेर आली आणि माझ्याशी इंग्रजीत बोलली. जन्मात कधी बोलली नव्हती. शब्द कळले नाहीत मला. काय झालं ते कळलं.

गावी असतो तर सकाळपर्यंत सगळं उरकलं असतं. इथे मेलेल्या माणसालाही नंबर लागतो. तिला कुठेशी थंड खोलीत ठेवली आणि मी लेकीच्या सोफ्यावर. करायला काही नाही. चूल बंद. समोर खुर्चीवर गोधडी, तिच्यात सुई खोचलेली.

उजाडलं तसं मी म्हटलं, "चल, गोधडी पोचवू."

"बाबा, प्लीज. आज? आणि सुतकात देतात का?"

"कंटेनर सुतक पाळत नाही."

ते लेकीलाही ठाऊक होतं. इथल्या सरकारने मदतीचा हात आखडता घेतला होता. आज भरत होते तो शेवटचा कंटेनर, हे तिनेच सांगितलेलं. तिने गाडी काढली.

गोदामात टेबलाशी डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई होती. सुदानचीच, लढाईतून पळून आलेली. ती एकेक कपडा हाताने चाचपत होती. गोधडीच्या कोपऱ्याशी तिचा हात थांबला. ती बोलली, लेकीने मला सांगितलं, "बाबा, आत खायचं काही चालत नाही. उंदीर लागतात, किडे होतात. बंदरावर सगळा कंटेनर अडवतात."

"पोळी आहे ती! विष आहे का?"

बाईने आम्हाला मागे नेलं. तिथे फळीवर माझं धोतर दिसलं. त्याच्याखाली हिचं हिरवं लुगडं. मग सगळ्याच दिसल्या. हिच्या सगळ्या गोधड्या. एकही गेली नव्हती. कुणी ठेवून गेलं ते माहीत नाही, फेकवत नाहीत, म्हणून बाईने घडी घालून ठेवलेल्या. "असेल," म्हणत होतो मी रोज. ती ते खरं धरून गेली.

बाईने काही विचारलं. लेक धोतराची घडी सारखी करत राहिली. या शिवणारी कुठे आहे असं विचारलं असणार. मी माझ्या इंग्रजीत म्हटलं, "वाइफ. फिनिश."

बाईने कात्री आणून माझ्या हातात दिली आणि स्वतःही खाली बसली. कंटेनर दुपारी बंद होणार होता. तिघांनी कोपरे उसवले. जुने तुकडे निघाले, कवडीसारखे कडक, काही हिरवे पडलेले. ते बादलीत टाकले. कालचा तेवढा मऊ होता, तेलाचा वास होता त्याला. लेक म्हणाली, "बाबा, नको." मी खाल्ला.

बाईने सुया दिल्या. त्या दोघींना मी ओवून दिल्या, एक माझ्यासाठी ओवली. माझे टाके वाकडेतिकडे आले. कोपऱ्यात काही न घालता तोंडं बंद केली आणि गोधड्या उचलून कंटेनरात मीच नेऊन ठेवल्या. उपाशीच गेल्या. पण गेल्या.