ठिगळमास्तरांनी घण उचलला

सगळी गल्ली त्यांना ठिगळमास्तर म्हणायची. बसच्या कारखान्यात पत्रे ठोकण्यात उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्त झाल्यावर हात काही स्वस्थ बसेनात. गळकी किटली आणा, खुर्चीचा मोडका पाय आणा, ‘टाकून द्या’ हे शब्द त्यांच्या तोंडून कधी निघायचे नाहीत.

फाटकापासून गॅरेजपर्यंतची काँक्रीटची वाट म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. लेक झाली त्या वर्षी, मित्रांना हाताशी धरून त्यांनी ती स्वतः ओतली होती. पुढे तिला भेगा पडल्या. मास्तरांनी सिमेंटने बुजवल्या. त्या पुन्हा तिथेच उघडल्या, पुन्हा बुजवल्या. आता मधला भाग खचला होता आणि पाणी फाटकाकडे जायचं सोडून थेट घराच्या पायरीला भेटायला येत होतं.

“अहो, सोडा आता तिचा नाद,” बायको म्हणायची.

“वरवरच्या भेगा आहेत गं. माझ्यापेक्षा तरुण आहे ती!”

लेक बेकरीची गाडी चालवायची. त्या सकाळी ती भरलेली गाडी मागे घेत होती, तोच धाडकन आवाज झाला. मागचं चाक काँक्रीट फोडून आत! पावांचे ट्रे घसरले आणि लेक किंचाळली, “बाबा! जमीन गेली!”

मास्तर तोंडात ब्रश तसाच ठेवून धावले. लेकीला कुठे लागलं नाही ना, ते आधी पाहिलं. शेजाऱ्यांनी गाडी ढकलून बाहेर काढली, तसे मास्तर सरळ पालथे पडले आणि टॉर्च घेऊन भोकात डोकावले. खाली माती नव्हतीच. छपरावरचं पाणी भेगांतून झिरपत झिरपत सगळी माती घेऊन गेलं होतं.

आता ह्यांचं तोंड उतरणार, असं बायकोला वाटलं. पण मास्तर उठले ते चेहरा नुसता फुलवून.

“अगं, भुयार आहे भुयार! हातोडी आण!”

मग गुडघ्यांवर रांगत ते वाटभर ठोकत निघाले. “हे घट्ट. हे पोकळ! हेसुद्धा पोकळ!” लेक मागून खडूने फुल्या मारत होती. फाटक येईपर्यंत फुल्यांखाली वाट दिसेनाशी झाली.

“बाबा, ठिगळ कुठे लावायचं?” लेकीने डोळे मिचकावले.

“ठिगळाला कापड तरी शिल्लक हवं ना! खालची जमीनच गेली, वरून किती लिंपणार? उखडा सगळी!”

“ह्यांना ताप नाही ना आलाय?” बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

ठेकेदारीण यंत्र घेऊन आली, पण पहिला घाव मास्तरांचाच. घण असा घातला की शेजारी टाळ्या पिटू लागले. राडारोडा निघाला, माती भरून दाबून घेतली, खडी पसरली, छपराचा पाइप दुसरीकडे वळवला. काँक्रीट ओतताना उतार फाटकाकडे आहे ना, हे मास्तरांनी इतक्यांदा तपासलं की ठेकेदारीण म्हणाली, “काका, मलाही थोडं काम करू द्या!”

वाट नीट सुकल्यावर त्यांनी गॅरेजसमोर पाण्याचा पाइप सोडला. पाणी क्षणभर घुटमळलं आणि फाटकाकडे सुसाट निघालं. “पळालं! पळालं!” मास्तर त्याच्या मागे अनवाणी धावले. बायको हसून हसून पायरीवर बसली.

लेकीने भरलेली गाडी आत घेतली. मास्तर मधोमध उभे राहून हातवारे करत होते, “ये, ये, बिनधास्त ये!”

“येते हो, पण आधी तुम्ही बाजूला व्हा!”