पंखावरची तीट

तुम्ही दोघांनी मागच्या अंगणात ड्रोन उडवतानाचा व्हिडिओ पाठवलात. खाली तुमच्या आईने लिहिले होते, "आजीला यातले काय कळणार!" तिला मी कधी सांगितले नाही, पण बिनवैमानिकाच्या विमानांचे पंख मी अंबरनाथला रोज पाहत होते.

आमचा कारखाना तिथल्या आनंदनगरला होता. शेठ उल्हासनगरचे. आधी फायबरच्या खुर्च्या आणि बाथटब बनवायचे, मग एका मोठ्या कंपनीकडून त्यांना पंखांचे काम मिळाले. ती कंपनी विमाने लष्कराला विकणार होती. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे असल्यामुळे मला पहिल्यापासून ठाऊक होते की ही विमाने फक्त नेमबाजीच्या सरावासाठी आहेत. आपलेच जवान ती आकाशात सोडणार आणि आपलेच जवान पाडणार.

कारगिलची लढाई सुरू झाली आणि कंपनीची घाई वाढली. लढाई चालू आहे तोवर नमुने दाखवले तर मोठी ऑर्डर पदरात पडेल, असा त्यांचा विचार. शेठनी कामगारांना जमवून सांगितले, "अपना प्लेन बॉर्डरवर जाणार. दुश्मन कुठे लपलाय ते बघून येणार."

मी केबिनमध्ये जाऊन म्हटले, "शेठ, हे खरे नाही."

"बाई, खरं सांगितलं तर रविवारी कामाला कोण येईल? तुम्ही?"

मी हसले आणि टाइपरायटरपाशी जाऊन बसले.

शेजारच्या मोरिवली गावच्या एक मावशी पंखांवर रेझिनमध्ये, म्हणजे उग्र वासाच्या चिकट द्रवात, भिजवलेले काचेच्या धाग्यांचे कापड चढवत. त्यांचा मुलगा फौजेत होता, आणि तेव्हा तिकडेच, वर. त्या रविवारीही येत. त्या वासाने खोकत, पण सुट्टी मागत नसत. जेवणाच्या वेळी माझ्या टेबलापाशी येऊन विचारत, "बाय, पेपरान काय लिवलंय?"

मी वाचून दाखवी.

"आनि आपली इमानं? गेली का गो वर?"

"जातील, मावशी."

तपासणीच्या सकाळी पाहते तर प्रत्येक पंखाच्या कोपऱ्यात काजळाचा ठिपका, तान्ह्या बाळाच्या गालावर लावतात तसा. सुपरवायझर ओरडला, "मावशी, बारसं आहे का इथं?"

"नजर लागल ना! माझ्या पोऱ्याच्या डोक्यावरना जानार ती."

डाग दिसला की पंख नापास होई, आणि तपासणीला येणाऱ्या कंपनीच्या साहेबांची गाडी फाटकाशी आली होती. मी थिनरमध्ये चिंधी बुडवून पुसायला लागले. मावशी मागे मागे चालत होत्या. "सगल्यांची नको पुसू गो. येकाची तरी ठेव."

मी सगळी पुसली.

पंख पास झाले. पण लवकरच लढाई थांबली आणि कंपनीने पाठ फिरवली. पंख मागच्या गोडाऊनमध्ये प्लास्टिकखाली गेले, दाराला कुलूप लागले. विमाने रवाना झाली, असे शेठनी सांगितले. मी तिथेच उभी होते.

मुलगा सुट्टीवर आला. मावशी त्याला घेऊन थेट ऑफिसात, हातात पेढ्यांचा पुडा. "सांग बायला, आपली इमानं बगितलीस ना तू?"

त्याने माझ्याकडे पाहिले. बोलायचे तर तेव्हाच बोलायला हवे होते. मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिले.

"बघितली ना, आये," तो म्हणाला. "रोज वरून जायची."

मावशींनी माझ्या हातात पेढा ठेवला आणि बाकीच्यांना वाटायला शेडमध्ये गेल्या. मग त्याने हळूच विचारले, "मॅडम, खरंच गेली होती का?"

"नाही. इथेच गोडाऊनमध्ये आहेत."

त्याने शेडकडे पाहिले. "आईला सांगू नका. तिचं अख्ख्या मोरिवलीत सांगून झालंय."

पेढा माझ्या हातातच होता. मावशींनी शेडच्या दारातून हाक मारली, "खा गो बाय, हातान धरून काय बसलीस!"

मी खाल्ला.